मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णाला काय विचारावे: दृष्टीविषयक प्रश्नावली वापरण्याची सविस्तर पद्धत

काही वर्षांपूर्वी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक आजी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आल्या होत्या. तक्त्यावर उजव्या डोळ्याची नजर ६/१८ (म्हणजे निरोगी डोळ्याला अठरा मीटरवरून दिसणारे अक्षर सहा मीटरवरून दिसते) आणि डाव्याची ६/२४ भरली. आम्ही नुकतीच शस्त्रक्रियेआधी प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली होती, आणि ‘तांदूळ किंवा डाळ निवडताना त्रास होतो का?’ या प्रश्नासमोर माझ्या सहकाऱ्याने ‘लागू नाही’ अशी खूण केली होती, कारण आजींनी ‘मी नाही निवडत, सून निवडते’ असे सांगितले होते. कागद चाळताना मी सहज विचारले, ‘आजी, आधी निवडायचात का?’ त्या म्हणाल्या, ‘निवडायची की. पण खडा दिसंना झाला, एकदा नातवाच्या दाताखाली आला, तवापासनं सूनबाईनं सूप काढून घेतलं.’

त्या एका खुणेत आमची चूक होती. ज्या कामाने आजींची दृष्टी किती खालावली आहे हे सर्वांत स्पष्ट सांगितले असते, तेच काम आम्ही हिशेबातून वगळले होते. ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारा, म्हणून इतकी वर्षे तक्त्यासमोर काढल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे, की नीट दिसत नाही म्हणून माणसाने जी कामे मुकाट्याने सोडून दिली, ती शोधून काढणे हाच या प्रश्नावल्यांचा खरा उपयोग आहे. पुढे सांगितलेली सर्व पद्धत याच हेतूने बेतलेली आहे, आणि ती तालुक्याच्या गावातले छोटे नेत्ररुग्णालय, धर्मादाय संस्था किंवा एकट्या डॉक्टरांचा दवाखाना यांना कोणत्याही महागड्या साधनाशिवाय वापरता येईल.

तक्ता पुरेसा का नाही

सहा मीटरवरचा तक्ता एकच गोष्ट मोजतो: पांढऱ्या पाटीवरचे काळेकुट्ट, स्थिर अक्षर किती लहान होईपर्यंत ओळखता येते. प्रत्यक्ष आयुष्यात इतका उठाव फारच थोड्या गोष्टींना असतो. करड्या पायरीची करडी कड, संध्याकाळी बांधावरची पायवाट किंवा ताटातला पांढरा भात यांचा आजूबाजूच्या रंगाशी असलेला फरक अगदी पुसट असतो, आणि मोतीबिंदू सर्वांत आधी हाच पुसट फरक ओळखण्याची क्षमता कमी करतो. डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या पृष्ठभागाशी होणाऱ्या मोतीबिंदूत तर तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत रुग्ण तक्ता चांगला वाचतो, पण उन्हात किंवा समोरून येणाऱ्या वाहनाच्या दिव्यांत त्याचे डोळे दिपतात आणि जवळचे वाचणेही कठीण होते. असा रुग्ण ‘मला दिसत नाही’ म्हणतो आणि कागदावर ६/९ लिहिलेले असते, तेव्हा खोटे कोणीच बोलत नसते.

याच कारणाने ब्रिटनमधील उपचारांविषयी सूचना देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ तक्त्यावरील आकड्याच्या आधारे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नाकारू नये असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधील अंधत्वाच्या सुमारे ६६ टक्के प्रकरणांचे कारण मोतीबिंदू असल्याचे आढळले होते, त्यामुळे आपला भर साहजिकच अधिकाधिक लोकांवर शस्त्रक्रिया करण्यावर राहिला. मात्र शस्त्रक्रियेने त्या माणसाच्या जगण्यात काय फरक पडला, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ते विचारण्यासाठी जास्तीत जास्त पंधरा मिनिटे लागतात.

प्रश्नावलीची निवड

सर्वप्रथम हे ठरवावे, की स्वतःचे प्रश्न तयार करायचे नाहीत. प्रत्येक दवाखान्याने आपापले प्रश्न लिहिले तर या वर्षीची तुलना पुढच्या वर्षाशी किंवा शेजारच्या रुग्णालयाशी करता येत नाही. शिवाय प्रश्न मोजण्यायोग्य आहे की नाही हे तपासण्याचे एक शास्त्र आहे, आणि ते काम इतरांनी आधीच करून ठेवलेले आहे.

‘व्हीएफ-१४’ ही १९९४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली चौदा प्रश्नांची प्रश्नावली बरीच वर्षे सर्वाधिक वापरली गेली. बारीक अक्षरे वाचणे, पायऱ्या दिसणे, माणसे ओळखणे, स्वयंपाक आणि दूरदर्शन यांबरोबरच तीत धनादेश लिहिणे, पत्ते किंवा तत्सम खेळ आणि दिवसा व रात्री मोटार चालवणे असे प्रश्न आहेत. आपल्या ग्रामीण रुग्णाला त्यांतले बरेच प्रश्न परके वाटतात. तिची दुसरी अडचण अशी, की शस्त्रक्रियेनंतर बरेच रुग्ण कमाल गुणांपर्यंत पोहोचतात आणि चांगले व उत्तम यांतला फरक दिसेनासा होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेची २५ प्रश्नांची प्रश्नावली अनेक प्रकारच्या नेत्रविकारांसाठी बनवलेली आहे. केवळ मोतीबिंदूसाठी ती मला अवजड वाटते.

विचार करण्यासारख्या प्रश्नावल्या दोन आहेत. पहिली स्वीडनची ‘कॅटक्वेस्ट-९एसएफ’. स्वीडनमध्ये १९९२ पासून मोतीबिंदू शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही आहे, आणि तिच्या कामातून विकसित झालेल्या मूळ प्रश्नावलीचे हे नऊ प्रश्नांचे संक्षिप्त रूप मॅट्स लुंडस्ट्रॉम आणि कॉनराड पेसुडोव्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात दोन सर्वसाधारण प्रश्न आहेत: सध्याच्या नजरेमुळे रोजच्या जगण्यात अडचण येते का, आणि सध्याच्या नजरेबद्दल समाधान आहे का. उरलेले सात प्रश्न कामांविषयीचे आहेत: वर्तमानपत्र वाचणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, खरेदी करताना किंमत दिसणे, खडबडीत जमिनीवरून चालणे, हातकाम करणे, दूरदर्शनवरची उपशीर्षके वाचणे आणि आवडीचा छंद जोपासणे. प्रत्येकाला चार पायऱ्यांची उत्तरे आहेत आणि एक ‘सांगता येत नाही’ हा पर्याय आहे. मोतीबिंदूचे परिणाम जगभर सारख्याच रीतीने नोंदवले जावेत म्हणून २०१५ मध्ये जो आंतरराष्ट्रीय संच सुचवला गेला, त्यातही हीच प्रश्नावली आहे.

दुसरी ‘इंडियन व्हिजन फंक्शन प्रश्नावली’. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि भारतातल्या रुग्णांशी गटचर्चा करूनच तिचे प्रश्न तयार झाले. एकूण ३३ प्रश्न आहेत: २१ दैनंदिन कामांचे, पाच मनावर आणि नात्यांवर होणाऱ्या परिणामांचे, आणि सात दृष्टीच्या लक्षणांचे. दैनंदिन कामांच्या उत्तरांमध्ये ‘नजरेमुळे हे काम करताच येत नाही’ अशी स्वतंत्र पायरी आहे, आणि माझ्या दृष्टीने हे तिचे सर्वांत मोठे बलस्थान आहे. ती विचारायला वेळ अधिक लागतो, परंतु ज्या रुग्णालयात बहुसंख्य रुग्ण शेतकरी, मजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत, तिथे मी हिचीच शिफारस करेन. शहरातल्या, शिकलेल्या आणि वेळ नसलेल्या रुग्णांसाठी नऊ प्रश्न पुरेसे आहेत. एकदा निवड केली की ती किमान दोन वर्षे बदलू नये.

मराठीत आणताना

प्रश्नावली वापरण्यापूर्वी मूळ कर्त्यांची परवानगी घ्यावी, आणि त्याच पत्रात मराठी आवृत्तीबद्दल विचारणा करावी. भाषांतर स्वतः करायची वेळ आली तर दोघांनी स्वतंत्रपणे मराठी मसुदे करावेत, दोन्ही समोर ठेवून एक मसुदा पक्का करावा, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यावा, आणि जिथे अर्थ हलला असेल तिथे दुरुस्ती करावी. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच टाळली जाते: हा मसुदा आठ-दहा रुग्णांना वाचून दाखवावा आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘मी काय विचारले असे तुम्हाला वाटले?’ असे विचारावे. ‘दृष्टी’ हा शब्द ऐकून ‘दृष्ट लागणे’ मनात येणारी माणसे आजही आहेत. ‘नजर’ हा शब्द रोजच्या वापरातला असला तरी त्यालाही तीच छटा आहे. ‘डोळ्यांना दिसण्याचा त्रास’ असे सरळ म्हटले की अडचण राहत नाही. वऱ्हाड, खानदेश किंवा मालवण भागात काम असेल तर तिथल्या बोलीतला शब्द विचारणाऱ्याच्या तोंडी असावा, पण तो छापील कागदावरही लिहून ठेवावा, म्हणजे सर्वजण तोच वापरतील.

काही प्रश्न शब्दशः आणले तर मोडतात. स्वीडनमध्ये परदेशी कार्यक्रम उपशीर्षकांसह दाखवण्याची पद्धत आहे, म्हणून तिथे उपशीर्षके वाचणे हे रोजचे काम आहे. आपल्याकडे त्याऐवजी बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी पट्टी सुचवली जाते, पण सरकणारे अक्षर वाचणे हे स्थिर अक्षर वाचण्यापेक्षा कठीण काम आहे आणि त्यामुळे प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. मालिकेच्या सुरुवातीची नावे किंवा बातमीचा स्थिर ठळक मथळा हा अधिक जवळचा पर्याय आहे. किमतीच्या प्रश्नातही असेच आहे: तिकडे फळीवरची किंमत ठळक असते, आपल्याकडे पुड्यावर छापलेली किंमत इतकी बारीक असते की मोतीबिंदू नसलेल्या माणसालाही ती शोधावी लागते. दगडी फरसबंदीऐवजी बांध, खडीचा रस्ता किंवा देवळाच्या पायऱ्या हे उदाहरण चालते. केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवावा आणि मूळ कर्त्यांना कळवावा, कारण असे बदल झाल्यावर मूळ प्रश्नावलीचे गुणांचे कोष्टक जसेच्या तसे लागू होईल असे गृहीत धरता येत नाही.

केव्हा विचारावे

शस्त्रक्रियेआधीची प्रश्नावली डॉक्टरांच्या भेटीपूर्वी आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब घालण्यापूर्वी भरून घ्यावी. ‘ऑपरेशन करावे लागेल’ हे शब्द एकदा कानावर पडले, की भिणारा रुग्ण त्रास कमी सांगतो आणि उत्सुक रुग्ण जास्त सांगतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी तर मुळीच विचारू नये.

नंतरची प्रश्नावली घाईने विचारण्यात अर्थ नसतो. पहिल्या दिवशी पट्टी सुटल्यावर उजेड आणि रंग पाहून रुग्ण हरखून जातो. तो आनंद खरा असतो, पण ते मोजमाप नव्हे. डोळा स्थिरावून चष्म्याचा अंतिम नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ठरतो. चष्मा हाती येऊन रुग्णाला तो वापरण्याची सवय झाल्यावर, म्हणजे तीन महिन्यांच्या सुमारास विचारावे. दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया होणार असेल तर तीन वेळा विचारावे: पहिल्याच्या आधी, दुसऱ्याच्या आधी, आणि दुसऱ्यानंतर तीन महिन्यांनी.

आपल्याकडे ऋतूचाही विचार करावा लागतो. थंडीतच डोळ्याचे ऑपरेशन चांगले, ही समजूत अजून पक्की आहे, त्यामुळे बरेच रुग्ण दिवाळीनंतर येतात आणि त्यांचे तीन महिने उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. सुगीच्या दिवसांत रानात राबणारा माणूस आणि उन्हात घरी बसलेला माणूस यांची कामे वेगळी असतात. म्हणून ‘आजकाल’ असे मोघम न विचारता ‘गेल्या महिनाभरात’ असे विचारावे आणि महिना कागदावर नोंदवावा. पेरणीच्या किंवा आषाढी वारीच्या दिवसांत पुनर्तपासणीची तारीख देऊ नये. रुग्ण येत नाहीत आणि मग जे येतात त्यांचीच उत्तरे हाती लागतात.

सर्वच रुग्णांना विचारणे शक्य नसेल तर त्यात कमीपणा मानू नये. स्वीडनच्या नोंदवहीतही प्रश्नावलीसाठी वर्षातला मार्च महिना ठरवलेला असतो आणि त्या महिन्यात शस्त्रक्रिया झालेल्यांनाच ती आधी आणि नंतर दिली जाते. छोट्या रुग्णालयाने वर्षातून दोन महिने निवडावेत आणि त्या महिन्यांतला एकही रुग्ण सोडू नये. सोयीचे, बोलके आणि नीट झालेले रुग्ण निवडून विचारणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे, कारण त्यातून खोटे समाधान मिळते.

विचारण्याची रीत

विचारणारी व्यक्ती शस्त्रक्रिया करणारी नसावी आणि शक्य तो शल्यचिकित्सकांच्याच खोलीत बसलेलीही नसावी. मोफत शिबिरातून आलेला रुग्ण उपकाराच्या भावनेने दबलेला असतो. ज्यांनी डोळा दिला त्यांच्यासमोर ‘अजून धुरकट दिसते’ असे म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. समुपदेशक, परिचारिका किंवा ऑप्टोमेट्रिस्ट यांपैकी कोणीही चालेल, मात्र एकाच रुग्णाला आधी आणि नंतर विचारण्याची रीत एकच असावी. एकदा समोर बसून आणि एकदा फोनवर विचारले तर तसे नोंदवावे आणि ती उत्तरे वेगळी ठेवावीत.

नातेवाइकांनी उत्तरे देऊ नयेत. सुरुवातीच्या काही महिन्यांत आम्ही रांगेतल्या रुग्णांच्या मुलांकडे कागद देत होतो, आणि नंतर लक्षात आले की अनेक कागद एकाच बाकावर बसून एकाच पेनाने भरले गेले होते. मुलगा म्हणतो, ‘त्यांना काही त्रास नाही, दिवसभर घरीच असतात’, आणि आई मान डोलावते. त्या दिवसभर घरीच का असतात, हाच तर प्रश्न असतो. नातेवाइकांना आदराने बाहेर बसवावे, किंवा निदान ‘दादा, आधी मावशींना सांगू द्या, मग तुमचे ऐकतो’ असे म्हणावे. ऐकू कमी येणाऱ्या रुग्णासाठी शांत खोली हवी. गोंगाटात विचारलेल्या प्रश्नाला आलेला ‘हो’ हा बहुधा न ऐकलेल्या प्रश्नाला दिलेला असतो.

उत्तराच्या पायऱ्या तोंडी सांगितल्या तर वयस्कर रुग्ण पहिली किंवा शेवटची पायरी निवडतो, कारण मधल्या लक्षात राहत नाहीत. मोठ्या ठळक अक्षरांचा एक पुठ्ठा करावा आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी रिकाम्या पेल्यापासून काठोकाठ भरलेल्या पेल्यापर्यंत चित्रे काढावीत: रिकामा पेला म्हणजे त्रास नाही, भरलेला म्हणजे खूप त्रास. पहिले उदाहरण डोळ्यांशी संबंध नसलेले द्यावे, उदाहरणार्थ गुडघेदुखीचे, म्हणजे पायऱ्या समजल्या की नाही ते कळते. चित्रातले बारकावे मोतीबिंदूमुळे दिसत नसतील तर पेल्यावर बोट ठेवून प्रत्येक पायरी मोठ्याने वाचावी.

आता मूळ मुद्दा. रुग्णाने ‘मी हे काम करत नाही’ असे म्हटले की तिथे थांबू नये. ठरलेले तीन पोटप्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारावेत. पहिला, ‘पूर्वी कधी करत होता का?’ दुसरा, ‘केव्हापासून सोडले?’ तिसरा, ‘कशामुळे सोडले?’ कधीच केले नसेल, जसे मोटार चालवणे, तर ते काम लागू नाही. गुडघे, कंबर, वय, सून आली, शेत वाटून दिले अशा कारणाने सोडले असेल तरीही लागू नाही. पण दिसत नाही म्हणून सोडले असेल तर ते सर्वांत गंभीर उत्तर आहे आणि त्याची नोंद ‘नजरेमुळे करताच येत नाही’ अशीच झाली पाहिजे. अनेकदा कारणे मिसळलेली असतात: ‘कंबर पण दुखते आणि दिसत पण नाही.’ अशा वेळी ‘उद्या डोळे चांगले झाले तर पुन्हा कराल का?’ हा चौथा प्रश्न विचारावा. ‘करीन की’ असे उत्तर आले तर नजरेमुळे, अन्यथा लागू नाही. हे पोटप्रश्न कागदावर छापलेले असावेत आणि सर्वांनी त्याच शब्दांत विचारावेत, नाहीतर एका कर्मचाऱ्याचे रुग्ण नेहमीच जास्त त्रासलेले आणि दुसऱ्याचे नेहमीच मजेत दिसतील.

स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष जपावे. ‘चालतंय’, ‘भागतंय’, ‘आता कशाला’ ही उत्तरे त्यांच्या तोंडी इतकी बसलेली असतात की त्यांना त्रास नाही असा अर्थ काढणे अन्यायाचे होते. सुईत दोरा कोण ओवून देते, औषधाची पट्टी कोण ओळखून देते, अंधार पडल्यावर परसात एकट्या जातात का, हे विचारले की तीच बाई खरे काय ते सांगू लागते.

वाचनाच्या आणि बारीक कामाच्या प्रश्नांत ‘तुमचा नेहमीचा चष्मा लावून’ हे शब्द असलेच पाहिजेत. रुग्णाजवळ चष्मा आहे का, असल्यास तो वापरतो का, हे शेजारी लिहावे.

गुण कसे मोजावेत

व्हीएफ-१४ मध्ये प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात: ४ म्हणजे काहीच अडचण नाही आणि ० म्हणजे नजरेमुळे करताच येत नाही. लागू नसलेले प्रश्न वगळून उरलेल्यांची सरासरी काढायची आणि तिला २५ ने गुणायचे, म्हणजे ० ते १०० मधला आकडा मिळतो. ‘लागू नाही’ची चूक किती महागात पडते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा एका रुग्णाला मोटारीचे दोन, धनादेशाचा, पत्त्यांचा आणि मैदानी खेळाचा असे पाच प्रश्न खरोखरच लागू नाहीत. उरलेल्या नऊ प्रश्नांची बेरीज १८ आली, म्हणजे सरासरी २ आणि गुण ५०. या नऊंपैकी दोन कामे त्याने दिसत नाही म्हणून सोडली होती, म्हणून त्यांना ० गुण आहेत. विचारणाऱ्याने ती दोन्ही कामे चुकून ‘लागू नाही’मध्ये टाकली तर बेरीज १८ च राहते, पण भागायचे ७ ने, आणि गुण होतात ६४. शस्त्रक्रियेनंतर हा रुग्ण नऊही कामे करू लागला आणि बेरीज ३१ झाली, तर गुण ८६ येतात. खरी सुधारणा ३६ गुणांची आहे. चुकीच्या नोंदीमुळे ती २२ दिसते. सर्वांत जास्त फायदा ज्याला झाला, त्याचाच फायदा कागदावर सर्वांत जास्त घटतो.

कॅटक्वेस्टचे गुण साध्या बेरजेने काढू नयेत. चेहरा ओळखणे आणि बारीक हातकाम करणे ही सारख्या कठीणपणाची कामे नाहीत. परीक्षेत सोप्या आणि अवघड प्रश्नाला सारखेच गुण दिल्यावर होते तशी गफलत साध्या बेरजेत होते. डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाचा कठीणपणा आणि प्रत्येक रुग्णाची क्षमता एकाच मोजपट्टीवर मांडली जाते, आणि प्रश्नावलीसोबत त्यानुसार तयार केलेली कोष्टके मिळतात. ‘सांगता येत नाही’ हे उत्तर तिथे अनुत्तरित धरले जाते. म्हणून ही प्रश्नावली वापरताना वरचे पोटप्रश्न विचारावेत, पण त्यांच्या उत्तरांची नोंद समासात करावी आणि मूळ पर्यायांत फेरफार करू नये. भारतीय प्रश्नावलीत कामे, मन आणि लक्षणे या तीन भागांचे गुण वेगवेगळे ठेवावेत. तिन्हींची एकच बेरीज केली तर कोणत्या अंगाने सुधारणा झाली हे कळत नाही.

शस्त्रक्रियेआधीच्या उत्तरांचा उपयोग

भरलेला कागद डॉक्टरांच्या टेबलावर रुग्णाआधी पोहोचला पाहिजे, नाहीतर ही सगळी मेहनत कपाटात जाते. आमच्याकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ मोकळी असते आणि तिथे रुग्णाने नजरेमुळे सोडलेली कामे त्याच्याच शब्दांत लिहिली जातात. या ओळीवरून डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची चर्चा सुरू होते. साधे, एकाच अंतराचे भिंग दूरच्या नजरेसाठी बसवले तर वाचायला चष्मा लागणार, हे ज्याची पहिली तक्रार पोथी वाचता येत नाही अशी आहे त्याला आधीच सांगायला हवे.

एका गटाकडे विशेष लक्ष द्यावे. मोतीबिंदूमुळे भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की काही वयस्कर माणसांना उणे नंबर येतो आणि जवळचे चष्म्याशिवाय दिसू लागते. घरात कौतुकाने सांगितले जाते की बाबांना आता चष्माही लागत नाही. अशा रुग्णाच्या वाचनाच्या प्रश्नाला ‘त्रास नाही’ असे उत्तर येते आणि चालण्याच्या, चेहऱ्यांच्या प्रश्नांना ‘खूप त्रास’. शस्त्रक्रियेनंतर त्याची ही जवळची नजर जाणार असते. आधी न सांगता ती गेली तर तक्त्यावर ६/६ वाचूनही तो आयुष्यभर म्हणत राहतो की डॉक्टरांनी डोळा बिघडवला.

याउलट नजर ६/२४ आहे, पण सर्व उत्तरे खरोखर ‘त्रास नाही’ अशी आहेत आणि एकही काम सोडलेले नाही, अशा रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी रेटू नये. तपासणीत काचबिंदूचा धोका, अतिपिकलेला मोती किंवा डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी अडणे असे वैद्यकीय कारण नसेल तर त्याला थांबण्याचा अधिकार आहे. मात्र प्रश्नावलीचे गुण हे कोणाला नाकारण्याचे हत्यार बनू नये. ती दार उघडण्यासाठी आहे.

नंतरची उत्तरे वाचताना

तीन महिन्यांनी आलेल्या उत्तरांत एकूण गुणांपेक्षा न जुळणाऱ्या जागा पाहाव्यात. तक्त्यावर ६/९ आणि उत्तरे मात्र वाईट, असे दिसले तर ठराविक क्रमाने शोध घ्यावा. चष्मा घेतला का, हा पहिला प्रश्न. अनेकदा नंबरची चिठ्ठी घडी घालून पिशवीतच राहिलेली असते. केवळ वाचनाची उत्तरे वाईट असतील तर बहुतेक वेळा हेच कारण असते. चालण्याचे आणि पायऱ्यांचे उत्तर वाईट असेल तर दुसरा डोळा पाहावा: एक डोळा स्वच्छ आणि दुसरा धूसर असला किंवा दोन्ही डोळ्यांच्या चष्म्याच्या नंबरांत मोठी तफावत असली की खोलीचा अंदाज चुकतो, आणि असा रुग्ण दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी लवकर बोलवावा. खुपणे, पाणी येणे, वाचताना थोड्या वेळाने अंधुक होणे हे डोळ्याच्या कोरडेपणाकडे बोट दाखवते. सर्वच कामे एकसारखी धूसर आणि रेषा वाकड्या दिसत असतील तर पडद्याच्या मध्यभागी सूज आहे का ते तपासावे. ही सूज शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांच्या आसपास दिसू लागते. आधी चांगले दिसत होते आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुके आले, तर भिंगामागचे पातळ आवरण गढूळ झाले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते लेसरने मोकळे करता येते. रुग्णाला मात्र वाटते की मोतीबिंदू परत आला.

डोळे, चष्मा आणि तक्ता सर्व ठीक असूनही घराबाहेर पडण्याची भीती आणि ओझे झाल्याची भावना तशीच राहिली असेल तर थोडे थांबून बोलावे. दोन-तीन वर्षे घरात बसलेल्या माणसाचा आत्मविश्वास भिंगाबरोबर परत येतोच असे नाही. सूप पुन्हा सासूच्या हाती द्या, असे सुनेला सांगणे हाही अशा वेळी उपचाराचाच भाग असतो.

एक गोष्ट प्रश्नावलीच्या बाहेरची असली तरी विचारणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावी. बोलता बोलता रुग्णाने डोळा दुखतो, लाल झाला आहे, नजर अचानक कमी झाली, वीज चमकल्यासारखे दिसते, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटते असे सांगितले, तर कागद तिथेच ठेवावा आणि रुग्णाला त्याच क्षणी डॉक्टरांकडे न्यावे. फोनवर असे ऐकले तर उद्याची वेळ देऊ नये, आजच बोलवावे.

नोंदी

कागदावर नावाऐवजी केसपेपरचा क्रमांक असावा, उत्तरे कशासाठी वापरणार हे रुग्णाला सोप्या शब्दांत सांगून संमती घ्यावी, आणि नाही म्हटल्याने उपचारात काही फरक पडणार नाही हेही सांगावे. दर सहा महिन्यांनी विचारणाऱ्यांनी आणि शल्यचिकित्सकांनी एकत्र बसून फक्त दोन गठ्ठे काढावेत: ज्यांचे गुण शस्त्रक्रियेनंतर वाढले नाहीत त्यांचा, आणि ज्यांच्या कागदांवर ‘लागू नाही’ तीनपेक्षा जास्त वेळा लिहिले आहे त्यांचा. पहिल्या गठ्ठ्यातले रुग्ण पुन्हा तपासणीला बोलवावेत. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या रुग्णांना फोन करून विचारावे, की ही कामे तुम्ही आधी करत होता का.